हे चालू का आहे, भिया?

पागनीस काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढत, मग दिवा घालवत आणि मग नमस्कार करत. हा क्रम चुकलेला मी तरी कधी पाहिला नाही. बैठकीतली ट्यूबलाइट असो, आतल्या खोलीतला पंखा असो, नाहीतर देवापुढचा झिरोचा लाल बल्ब असो, त्यांचा हात पहिल्यांदा भिंतीकडे जायचा. "हे चालू का आहे, भिया?" असं ते विचारत, आणि विचारत ते बटणालाच. भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतला भाऊ. उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. टक आवाज, आणि अंधार. मग त्या अंधारात खुर्ची चाचपत बसायचं आणि म्हणायचं, "हं, आता बोला. बोलायला उजेड कशाला लागतो?"

आमच्या एका मामेबहिणीच्या लग्नात तर त्यांनी स्टेजवरचे फोकस घालवले. नवरा-नवरी पेढा धरून उभे, सासू आ करून उभी, आणि अचानक सगळं गायब. फोटोग्राफर ओरडला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही रीळ बदलून राहिले होते ना? मग तोवर हे कुणासाठी चालू होतं?"

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. माझ्या बाबांची जेल रोडच्या एका गल्लीत छोटी छापखान्याची जागा होती आणि मिलच्या कापडाच्या ठाणांवर चिकटवायची लेबलं आमच्याकडे छापली जात. ती न्यायला मिलमधून काका येत. लेबलं चपराशीही नेऊ शकला असता, पण काकांना बाबांच्या हातचा चहा आवडायचा आणि बाबांना काकांची बडबड. बाबा गेले तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. प्रेस माझ्याकडे आली, आणि प्रेसबरोबर काकाही आले.

मिलमध्ये ते वेस्ट खात्याचे मुख्य होते. वेस्ट खातं म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. कापसाचं सूत होता होता प्रत्येक मशीनखाली काही ना काही गळत असतं. कापसाचा भुगा, तुटके पेळू, गाठी पडलेलं सूत. ते सगळं गोळा करायचं, हाताने निवडायचं आणि ज्याची जी जागा तिथे धाडायचं. बरं असेल ते पुन्हा कापसात, त्याहून हलकं गाद्यांमध्ये, अगदीच गुंतलेलं मशिनी पुसायला. उभा जन्म हेच केल्यामुळे काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वेस्ट असं काही नसतं. त्याची जागा सापडलेली नसते, एवढंच." हे वाक्य ते उरलेल्या पोह्यांपासून बिनकामाच्या जावयापर्यंत कशालाही लावत.

मग मिल बंद पडली. हे मी आज बिनधास्त लिहिते आहे, कारण वाचायला काका नाहीत. त्यांच्यासमोर मिलबद्दल 'बंद' म्हणायची सोय नव्हती. "थांबली आहे," ते म्हणत. साऱ्या इंदूरचे दिवे आपल्या हाताने बंद करणाऱ्या माणसाला एवढ्या एका ठिकाणी तो शब्द सोसत नव्हता. फाटकाला कुलूप लागलं, कुलपाला गंज चढला, आत गवत माणसाच्या कमरेपर्यंत आलं, तरी मिल आपली थांबलेलीच.

आणि ती नुसती थांबली आहे, याचा त्यांच्याकडे पुरावा होता. झांकी.

इंदूरबाहेरच्यांना हे समजणं कठीण. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलांच्या झांक्या निघतात, पार राजवाड्यापर्यंत. भल्यामोठ्या गाड्यांवर देव, राक्षस, हत्ती, सगळे मोटारीवर हलणारे, आणि वर दिव्यांची रोषणाई. बेटम्यासारख्या आसपासच्या गावांतून लोक ट्रॅक्टर भरभरून येतात, दुपारपासून फुटपाथ धरून बसतात, भुट्टे खातात आणि कोणत्या मिलचा हनुमान चांगला हलला यावर पुढे महिनाभर भांडतात. मिलवाल्यांचं हे वर्षाचं नाक. आमच्या मिलच्या झांकीतली हलवाहलवी काकांकडे असायची. गाडीच्या पोटात एक कप्पा असे, त्यात बसून ते मोटार सांभाळत. बाहेर राक्षस मान हलवायचा आणि आत काका घाम पुसायचे.

मिल थांबल्यावरही कामगारांनी वर्गणी काढून काही वर्षं रेटलं. पण माणसं पांगत गेली. कुणी ऑटो चालवायला लागला, कुणी पिथमपूरला चौकीदार झाला, कुणी गावाकडे निघून गेला. एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून सांगून टाकलं की काका, आता होत नाही, यंदा झांकी नको. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, दिवा घालवला, बसले आणि म्हणाले, "निमू, झांकी निघाली नाही तर मिल बंद झाली असा अर्थ होतो बेटा. मी असा अर्थ होऊ देणार नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी इंदूरची दुकानं सुधारायला घेतली.

परवा एका मोठ्या हॉटेलात आम्हा छोट्या धंदेवाल्यांना बोलावून शिबिर घेतलं होतं. धंद्यात नवं काय करावं, संगणक कसा वापरावा, पर्यावरण कसं जपावं. भर दुपारी पडदे ओढून झुंबरं पेटवलेली, आणि एसी असा की मी पदर कानाला गुंडाळून बसले. पडद्यावर अक्षरं आली, 'ऊर्जा वाचवा'. माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, नाही हो, आमच्या काकांची आठवण झाली. हे सगळं शिबिर आमच्या काकांनी सायकलवरून घेतलं होतं, तेही बिनबोलावता.

त्यांची रीत अशी. दुकानासमोर सायकल लावायची आणि नुसतं बघत उभं राहायचं. शेवेवाल्या केसरीमलजींच्या दुकानासमोर ते सकाळपासून असे उभे राहिले, तेव्हा केसरीमलजी घाबरून माझ्याकडे आले. "बेनजी, ये आपके काकाजी मेरी भट्टी को घूरे जा रिये हैं. नजर-वजर लगाएँगे क्या?" मी गेले तर काका म्हणाले, "भट्टी रसरसून पेटलेली, कढई रिकामी, आणि हे महाशय आता बेसन मळून राहिले. हे चालू का आहे, भिया?" आधी सगळं पीठ मळून, गोळे करून झाकून ठेवायचं आणि मगच भट्टी पेटवायची, एवढीच त्यांची सुधारणा. केसरीमलजींना ती आपल्या वडिलांचा अपमान वाटली, कारण वडील आधी भट्टीच पेटवत आले होते. पण कोळसा कमी लागायला लागला तसे वडील आपोआप मागे पडले. नव्या कंपन्यांच्या चकचकीत पुड्या नुकत्या बाजारात आल्या होत्या आणि केसरीमलजींचं गिऱ्हाईक तुटत होतं, त्यात हा आधार मिळाला. "भोत सही आदमी हैं यार," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

पिठाच्या चक्कीवाल्याचा सैल पट्टा काकांनी असाच कसून घेतला. टेलरला चिंध्यांच्या गोधड्या शिवायला लावल्या, आणि त्या कपड्यांपेक्षा बऱ्या खपल्या. मोबदला म्हणून काका कुणाकडून काही घेत नसत. "तुमच्याकडे पडून काय आहे?" असं विचारत. केसरीमलजींकडून तेलाचे रिकामे डबे, चक्कीवाल्याकडून जुनी मोटार, टेलरकडून उरलेल्या चिंध्या. सायकलच्या मागे बांधून हे सगळं मिलच्या फाटकाकडे जाई. लोक म्हणत, पागनीसांचं डोकं फिरलं, म्हातारा भंगारवाला झाला. काका म्हणत, "म्हणू दे. त्यांचं तोंड चालू आहे, त्याला बटण नाही."

आमच्या प्रेसवर मात्र त्यांची सुधारणा आधी चांगलीच शेकली. आमच्याकडे उठावन्याची पत्रकं फार छापली जात. घरात कुणी गेलं की शोकसभा कधी आणि कुठे ते कळवणारी. त्यातली चुकलेली, डागाळलेली पत्रकं मागून कोरी असायची. "एवढा चांगला कागद, आणि रद्दीत?" असं म्हणून काकांनी ती एका मापात कापली, बापूंकडून, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या कंपोझिटरकडून, त्यांची पॅडं बांधून घेतली, आणि चौकातल्या डॉक्टरांना परस्पर देऊन आले. डॉक्टर बिचारे भिडस्त. त्यांनी त्यावर औषधं लिहून द्यायला सुरुवात केली. रोगी घरी जाऊन कागद उलटून बघे, तर मागे 'अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है'.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः प्रेसवर आले. एक आजीबाई सर्दीचं औषध घेऊन गेल्या होत्या आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. काकांनी सगळं ऐकून विचारलं, "पण डॉक्टरसाहेब, सर्दी गेली का?" डॉक्टर म्हणाले, "गेली." "मग कागद वाया गेला नाही," काका म्हणाले. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. ती सगळी पॅडं मी केसरीमलजींकडे पाठवली. शेवेची पुडी कुणी उलटून वाचत नाही.

पण खरी गोष्ट अशी की प्रेस मलाही जड झाली होती. मिलची लेबलं गेली होती. भंवरकुआंकडे कंप्युटरवर पत्रिका करून देणारी दुकानं निघाली होती आणि लग्नाची गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. काका रोज मागे लागत, कंप्युटर घे. मी म्हणे, बाबांची प्रेस आहे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवूनच चालणार. ते म्हणत, "बेटा, खिळे झिजले. तुझ्या पत्रिकेवर नवरा पुसट येतो. गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील मला विचारत होते, स्थळ पक्कं आहे ना?" मी हसले, पण ते खरंच होतं. बापूंचं काय करणार असं मी विचारलं, तर म्हणाले, "बापूंचे डोळे खिळ्यांवर वाया चाललेत. चुका काढायला बसव. त्या माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या चुकाच दिसल्या आहेत." बापू रागावले, आणि पुढे त्याच कामात इतके रमले की भिंतीवरच्या जाहिरातींतल्याही चुका दुकानात शिरून सांगू लागले.

शेवटी एक जुना कंप्युटर आला. त्याच्यासाठी लाकडी फळ्यांची वेगळी खोली केली, चपला बाहेर काढायच्या असं ठरलं, बापूंनी नारळ फोडला आणि पाणी उडू नये म्हणून तो गल्लीत जाऊन फोडला. मी क्लास लावून टायपिंग शिकले. पहिलं मोठं काम मिळालं ते एका समाजाच्या लग्नाळू मुलामुलींच्या परिचय-पुस्तिकेचं. नावं, गोत्रं, शिक्षण, वर्ण गोरा, गव्हाळ, सगळं दिवसभर बसून मी भरलं आणि चहा प्यायला बाहेर गेले. परत आले तर खोलीत अंधार, आणि अंधारात काका. "निमू, तू चहा पिऊन राहिली होतीस, आणि हे चालू."

मी काही साठवून ठेवलं नव्हतं, तेव्हा तेवढी अक्कल नव्हती. इंदूरची एक अख्खी लग्नाळू पिढी काकांनी एका बोटाने नाहीशी केली. मी रडकुंडीला आले होते. काका भिंतीला टेकून उभे होते, तोंड एवढंसं झालेलं. मग त्यांनीच बापूंकडून मोठ्या अक्षरात पाटी लिहून घेतली, 'पागनीस यांनी या बटणाला हात लावू नये', आणि ती स्वतः ठोकली. त्यानंतर त्या खोलीत आले की ते हात मागे बांधून उभे राहत.

कंप्युटर आल्यावर बाबांची ट्रेडल मशीन नुसती अडचण होऊ लागली. पायाने पायडल मारायचं, मोठं लोखंडी चाक फिरायचं आणि कागदावर ठसा उमटायचा. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मी ते पायडल मारत आले होते. भंगारवाल्याला बोलावलं त्या दिवशी मी मुद्दाम देवळात जाऊन बसले. परत आले तर भंगारवाला रिकाम्या हाताने निघालेला आणि काका मशीनवर हात ठेवून उभे. "चाक आणि पायडल मला दे बेटा. बाकीचं त्याला ने म्हण." मी विचारलं, तुमच्याकडे चक्कीची मोटार आहे ना, मग हे कशाला? तर म्हणाले, "मोटारीवर विश्वास ठेवावा, विसंबून राहू नये." नेताना चाकावरची धूळ त्यांनी आपल्या रुमालाने पुसली. मला भरून आलं, म्हणून मी उगाच बापूंवर ओरडले.

त्याच दिवसांत एकदा संध्याकाळी मी त्यांच्या सुदामा नगरच्या घरी डबा घेऊन गेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. घर काळोखात बुडालेलं, आणि काका बाहेर पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, काका, आता कमाल झाली, स्वतःच्या घरातसुद्धा? ते हसले. म्हणाले, "हा सरकारचा उजेड आहे, मला विचारून लावलेला नाही. आत कुणासाठी लावू बेटा?" डब्यात काय आहे ते त्यांनी तिथेच उघडून पाहिलं आणि आमटीचं कौतुक केलं.

पावसाळ्याच्या शेवटी मिलच्या फाटकाशी ताडपत्री बांधून काम सुरू झालं. कालियामर्दन करायचं ठरवलं होतं. काका एकेका जुन्या माणसाच्या घरी गेले. झांकीला ये असं कुणालाही म्हणाले नाहीत. ऑटोवाल्याला म्हणाले, मला फण्याचा सांधा जमत नाही, जरा सांगून जा. चौकीदाराला म्हणाले, पट्टा कुठल्या बाजूने घ्यायचा ते विसरलो. ज्या माणसाने सारी हयात झांकीच्या मोटारी सांभाळल्या, तो दारोदार आपल्याला काही येत नाही असं सांगत फिरला. माणसं काकांना हसत आली, दाखवायला म्हणून बसली आणि मग उठलीच नाहीत.

अनंत चतुर्दशीला सूर्य मावळायच्या सुमारास झांकी फाटकाशी उभी राहिली. दुसऱ्या मिलांच्या झांक्यांपुढे ती एवढीशी. टेलरच्या चिंध्यांचा कालिया, अंगावर डब्यांच्या पत्र्याचे खवले, त्यामुळे थोड्या दिव्यांतही तो नुसता चमचमत होता. पोटाजवळच्या पत्र्यावर 'शुद्ध मूंगफली तेल' अजून वाचता येत होतं. केसरीमलजी ते बोट दाखवून सगळ्यांना दाखवत होते. ढोल वाजले, चक्कीची मोटार घुरघुरली, कालियाने फणा उचलला आणि त्यावरच्या कृष्णाने पाय आपटला. फाटकातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑटोवाला तर लहान मुलासारखा रडत होता.

पहिल्या वळणावर जळका वास आला आणि फणा अर्ध्यातच थांबला. मोटार गेली होती. मागून दुसऱ्या मिलची मोठी झांकी येत होती, तिचे लोक गाडी बाजूला घ्या म्हणून हाका मारू लागले. आमच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, "राहू द्या आता. निघाली तर होती." सगळे खाली बघू लागले.

तेवढ्यात गाडीच्या पोटातून आवाज आला. खटक, खुटुक. खटक, खुटुक. बाबांच्या ट्रेडलचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. वर फणा थरथरला आणि पुन्हा डोलायला लागला.

मी पडदा सारून आत शिरले. काका एका हाताने दांडा धरून, वाकून पायडल मारत होते. शर्ट पाठीला चिकटला होता, श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, "काका, थांबा जरा."

"थांबायचं नाही बेटा. लोक बघून राहिले."

"मग सरका. हे माझं काम आहे."

त्यांनी एकदम पाय काढला नाही. माझा पाय पायडलवर नीट बसेपर्यंत, चाकाची लय माझ्याकडे येईपर्यंत ते माझ्याबरोबर दाबत राहिले. मग सुटले आणि केसरीमलजींच्या एका डब्यावर टेकले. बाहेर कुणीतरी आमच्या मिलचं नाव घेऊन जयजयकार केला. काका डोळे मिटून ऐकत होते.

त्या कप्प्यात एक बल्ब जळत होता, मोटारीवर नजर ठेवायला लावलेला. मोटार तर गेली होती. बराच वेळ पाय मारल्यावर, त्यांना जरा हसवावं म्हणून मी बल्बकडे मान करून विचारलं, "हे चालू का आहे, भिया?"

काकांनी वर पाहिलं. त्यांचा हात सवयीने बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"असू दे, निमू," ते म्हणाले. "आज सगळे घरी आहेत."

तो बल्ब राजवाड्यापर्यंत तसाच जळत होता.